कोरी बाटली

कुठं आग लागल्याचं कळलं, की माणसं आधी विचारतात, कोणी भाजलं तर नाही ना? आमचे सर विचारायचे, "अजून जळायलंय ना?" फोनवरचा माणूस 'विझली' म्हणाला, की त्यांचा चेहरा असा पडायचा, की बघणाऱ्याला वाटावं यांचंच घर जळालं.

सर हुमनाबादच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. कर्नाटकातल्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्याला विद्यार्थी बेताचे असतात आणि वेळ भरपूर. त्यात माझ्याकडे मोटरसायकल होती. एवढ्या पात्रतेवर मी सरांचा संशोधनातला भागीदार झालो. माझी इच्छा कोणी विचारली नाही. एका दुपारी ते स्टाफरूममध्ये आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चिटगुप्प्याच्या बाजूला डोंगर पेटलाय, गाडीत पेट्रोल आहे ना? मी आहे म्हणालो आणि तिथंच फसलो.

सर धूर मोजायचे. म्हणजे धुरातला नायट्रोजन. रानाला वणवा लागला की गवतातला, पाल्यातला नायट्रोजन वायू होऊन वर जातो, तो किती जातो हे त्यांना काढायचं होतं. मी मराठीचा माणूस, मला हे सगळं एकच वाटायचं. तेव्हा त्यांनी मला गाडीच्या मागं बसून, माझ्या कानात ओरडून समजावलं, की जमिनीतलं खत असं वर्षानुवर्षं आभाळात चाललंय आणि खाली आपण युरियाच्या पोत्यासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहतोय. हे मला पटलं. पटल्याचं मी बोलून दाखवलं, ही माझी दुसरी चूक.

त्यांचं यंत्र बघितलं असतं तर कोणत्याही प्रयोगशाळेनं त्यांना दारात उभं केलं नसतं. माशांच्या टाकीला हवा देणारा पंप उलटा लावून त्यांनी त्याला हवा ओढायला शिकवलं होतं. तो चालायचा माझ्या मोटरसायकलच्या बॅटरीवर. पंपाला रबरी नळी, नळीच्या वाटेत दोन काचेच्या बाटल्या, बाटल्यांत पाण्यासारखं औषध. धूर त्या औषधातून बुडबुड करत जायचा. मग सर वरून दोन-चार थेंब टाकायचे, त्याला आम्ही मसाला म्हणायचो, आणि बाटल्यांना रंग चढायचा. एक गुलाबी व्हायची, एक पिवळी. ज्वाळा जोरात असल्या की गुलाबी गडद, आग धुमसायला लागली की पिवळी गडद, कारण धुमसताना अमोनिया जास्त सुटतो. रंग जेवढा गडद, तेवढा नायट्रोजन. प्रवासात बाटल्या फुटू नयेत म्हणून ते त्यांना जुने पायमोजे घालायचे. पिशवीतून पायमोजे घातलेल्या बाटल्या काढणारा हा माणूस पहिल्यांदा बघणाऱ्याला वेगळ्याच कामाचा वाटायचा.

तसा तो एका वनरक्षकाला वाटलाही. जिथं वणवा लागतो तिथं हा बाटल्या घेऊन हजर असतो, त्या अर्थी लावणाराही हाच, असा सरळ हिशोब त्यानं मांडला आणि आम्हाला सागाच्या सावलीत बसवून ठेवलं. सरांनी त्याला धूर, अमोनिया, युरिया सगळं समजावलं. समजून घ्यायला लागू नये म्हणून त्यानं आम्हाला सोडून दिलं. वणव्याच्या अहवालात त्यानं 'कारण अज्ञात' असं लिहिलं. ते अज्ञात कारण त्याच वेळी शेजारच्या हॉटेलात त्याच्याच टेबलावर चहा पीत होतं, कारण उन्हाळ्यात वाळलं गवत जाळलं की पावसाला मेंढरांसाठी कोवळं गवत फुटतं, हे त्या भागात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं.

सरांच्या नाकाला वास येत नसे. काही ते प्रयोगशाळेनं नेलं होतं, उरलेलं तपकिरीनं. याचं त्यांना दुःख नव्हतं. उलट माणूस नाकावर विसंबला की शास्त्र बुडतं, असं ते म्हणायचे आणि मग चिमूटभर तपकीर ओढायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टाला ठिणग्यांनी पडलेली भोकं होती. वहिनींनी म्हणे सुरुवातीला रफू करून बघितलं, नंतर नवऱ्याकडंच बघणं सोडलं. प्राचार्यांच्या सासूबाई वारल्या तेव्हा आम्ही सगळे स्मशानात गेलो होतो. सरांनी बाटल्या आणल्या नव्हत्या, तेवढी लाज त्यांना होती. पण चिता पेटल्यावर ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, लाकूड ओलं आहे, पिवळी चांगली आली असती. प्राचार्य पुढेच उभे होते.

पण सरांची खरी ओळख म्हणजे 'कोरी'. धूर मोजायच्या आधी स्वच्छ हवा मोजायची, हा त्यांचा नेम. आगीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन ते एक बाटली साध्या हवेवर चालवायचे. तिला रंग चढता कामा नये. चढला तर तो धुराचा नाही, आधीपासूनच तिथं काहीतरी आहे. या बाटलीला ते कोरी म्हणायचे आणि ती घेतल्याशिवाय धुराला नळी लावायचे नाहीत, मग समोर डोंगर जळून राख का होईना.

हळूहळू त्यांचं सगळं जगणंच कोरीवर आलं. चहाच्या आधी पाणी पिऊन तोंड कोरं करायचे. स्टाफरूममध्ये कोणी प्राचार्यांच्या तिरसटपणाबद्दल तक्रार केली, की हे विचारायचे, कोरी घेतली का? म्हणजे प्राचार्य समोर नसताना तुम्ही किती तिरसट असता, ते आधी बघितलं का? पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनाही ऐकवलं, की एकदा न सांगता, पोह्यांशिवाय येऊन जा, म्हणजे घर कळेल. पाहुणे सांगूनही परत आले नाहीत. आमच्या गल्लीतली होळी तर सरांच्या कोरीसाठी थांबायची. गोवऱ्या रचलेल्या, नैवेद्य तयार, आणि हे पंप लावून बसलेले. पहिल्या वर्षी लोक चिडले. पुढं पुढं म्हातारी माणसंच विचारायला लागली, सरांची बाटली झाली का रे? न झाल्यास अपशकुन होईल असं त्यांना वाटू लागलं होतं.

सरांना पीएचडी नव्हती. विषय नोंदवून जमाना झाला होता. मधल्या काळात गाईड वारले, आणि सर राहिले. कलबुर्गीच्या एका प्राध्यापकांनी त्यांना शेवटची वाट दाखवली होती. आपल्याकडच्या कोरड्या डोंगरावरच्या वणव्याची पूर्ण मोजणी, म्हणजे ज्वाळेपासून धुमसणं संपेपर्यंत, एकदा तरी हातात आली, तर ती उन्हाळ्याच्या शेवटी होणाऱ्या परिषदेत मांडा, प्रबंध मी मार्गी लावतो. सरांचं निवृत्तीचं वर्ष लागलं होतं. म्हणजे एकच उन्हाळा हातात होता. नावामागं डॉक्टर लागून निवृत्त व्हायचं, एवढीच इच्छा त्यांनी माझ्याजवळ कधीतरी बोलून दाखवली होती, आणि तीही अशी की जणू उधार मागतायत.

अडचण एकच होती. आग आमच्यासाठी थांबायची नाही. हुमनाबादेहून हायवेच्या लॉऱ्या चुकवत, चिटगुप्पा ओलांडून, त्या डोंगराखालच्या वस्तीवर पोचेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असायचा. आग मर्यादेबाहेर जाऊ लागली, की वस्तीतले लोक लिंबाचे आणि पळसाचे ओले डहाळे घेऊन तिला झोडपून काढायचे. आम्ही पोचायचो तेव्हा ते काळवंडलेल्या तोंडानं, शाबासकीच्या अपेक्षेनं उभे असायचे. सर विचारायचे, सगळी विझवली? आणि त्यांचा आवाज असा यायचा, की ती बिचारी माणसं एकमेकांकडे बघायला लागायची. एकदा त्यांच्यातला माळप्पा म्हणून एक मेंढरंवाला ओशाळून म्हणाला, "चुकलंच, सर. थोडी ठिवायला पायजे व्हती."

माळप्पा मोठा अगत्याचा माणूस. त्याच्या घरून कोणी न जेवता गेलं, तर त्याला आठवडाभर झोप येत नसावी. त्याची बायको गंगाक्का भाकरी थापत राहायची, आणि तो आमच्या ताटाकडं बघत. सर इतक्या लांबून येतात आणि प्रत्येक वेळी रित्या बाटल्या घेऊन जातात, हे त्याच्या मनाला लागलं होतं. पाहुणा उपाशी गेल्यासारखंच ते.

आणि मग माळप्पाचा तो फोन आला. डोंगर पेटलाय, सर, सावकाश या, घाई न्हाई. या 'घाई न्हाई'चा विचार तेव्हाच करायला हवा होता. पण आमच्याबरोबर त्या दिवशी प्राचार्य निघाले. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती, आणि संशोधन चालू असतानाचा फोटो त्यांना हवा होता. ते गाडी घेऊन, फोटोग्राफरला घेऊन आले. आम्ही पोचलो तर काय, आग खरंच थांबलेली. डोंगराच्या पायथ्याला रुंद पट्टा जळत होता, कडेला ज्वाळा, मधे दाट, जड धूर. विझवायला कोणी नाही. वस्तीतले सगळे लांब, लग्नात वरपक्षाकडं बघत उभं राहावं तसे उभे होते.

सर कोरीची बाटली काढून वाऱ्याच्या वरच्या अंगाला निघाले, तर प्राचार्य ओरडले, अहो तिकडं कुठं चाललात, आग इकडं आहे, उजेड जाईल. वाराही नेमका नळीकडं वळला. एवढ्या वर्षांनी समोर पूर्ण आग, पूर्ण धूर. सरांनी कोरी बाटली पायमोज्यात परत घातली आणि धुराला नळी लावली. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच बघत होतो. मेंढरांचा वास मला आला होता, पण त्या वस्तीवर मेंढरांचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार?

पिवळी बाटली अशी चढली, की हळद कालवावी. धूर धुमसत राहिला, थांबता थांबेना, आणि सर एकामागून एक बाटल्या भरत राहिले. शेवटी ते जमिनीवर बसले आणि एकाच वेळी दोन्ही नाकपुड्यांत तपकीर ओढली. फोटो छान आला. प्राचार्यांनी तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, आणि त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग लागली. परतताना सरांनी हायवेच्या ढाब्यावर गाडी थांबवायला लावली आणि मला पोटभर खा म्हणाले. स्वतः मात्र भात चिवडत बसले.

परिषद जवळ आली तसे ते अस्वस्थ होत गेले. जगात कुठल्याच रानातून इतका अमोनिया निघत नाही, असं त्यांनी मला सांगितलं, आणि हे सांगताना ते खूश नव्हते. कोरी घेतली नव्हती. शेवटी एका सकाळी ते माझ्या दारात पिशवी घेऊन उभे. म्हणाले, नुसती हवा बघून येऊ.

गेलो. जळालेल्या पट्ट्याच्या शेजारी, न जळालेल्या गवतात त्यांनी पंप लावला. आग नाही, धूर नाही, वर निळं आभाळ. मसाल्याचे थेंब टाकले आणि बाटली पिवळी झाली. सर तिच्याकडं बघत उकिडवे बसले, तेवढ्यात माळप्पा लगबगीनं आला. सर न सांगता आले म्हणून तो थोडा खट्टू होता.

"तयारी अजून व्हायलीय, सर," तो म्हणाला. "दोन दिस आधी सांगितलासा तर बरं."

कसली तयारी, ते त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. नुसतं गवत भसकन जळून जातं, सर पोचेपर्यंत टिकत नाही. म्हणून त्यानं आपली आणि भावकीची सगळी मेंढरं त्या पट्ट्यावर बसवली होती. शेतात खतासाठी मेंढरं बसवतात, तशीच, दिवसचे दिवस. लेंड्यांचा थर चांगला साचला. लेंडी धुमसत राहते, विझत नाही, पाहुण्यासाठी थांबते. मग गवत पेटवलं आणि फोन केला. आता दुसऱ्या पट्ट्यावर, सरांनी पंप लावला होता त्याच गवतात, रात्रीची मेंढरं बसवायचं चालू होतं, सर पुन्हा येतील म्हणून.

सर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी माळप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, जसा माझ्या खांद्यावर ठेवला होता.

"माळप्पा, लावल्याल्या आगीला मी येणार न्हाई," ते म्हणाले. "आपसूक लागली तरच मला बोलवा. न्हाईतर माझं काम बिघडतंय."

माळप्पानं मान डोलावली. मग आम्ही जेवलो, कारण त्यातून सुटका नव्हती. सरांनी अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली.

प्राचार्यांना कळलं तेव्हा त्यांनी सरांना खोलीत बोलावून समजूत घातली. मेंढरं काय कारखान्यात तयार होतात? तीही निसर्गातच मोडतात, मग त्यांची लेंडीही निसर्गच. शिवाय कलबुर्गीच्या परिषदेतला कोण माणूस चिटगुप्प्याला येऊन लेंड्या मोजणार आहे? यात तथ्य होतं. कोणीही येणार नव्हतं. मीसुद्धा मनातून म्हणत होतो, की सरांनी गप्प बसावं आणि एकदाचं डॉक्टर व्हावं. मला तो माणूस आवडत होता आणि त्याला काहीतरी मिळावं असं फार वाटत होतं.

परिषदेत सरांनी ठिणग्यांची भोकं नसलेला नवा शर्ट घातला होता. पडद्यावर त्यांचा आलेख आला, पिवळ्याची ती उंच रेघ आली, आणि पहिल्या रांगेतले ते प्राध्यापक मान हलवू लागले. तेव्हा सर इंग्रजी सोडून कन्नडमध्ये बोलायला लागले. म्हणाले, ही रेघ खरी आहे, पण ती रानाची नाही, माळप्पाच्या पाहुणचाराची आहे. मग त्यांनी मेंढरं बसवल्याची हकिकत सुरुवातीपासून सांगितली, आणि मी कोरी घेतली नाही, असं शेवटी सांगितलं. सभागृह हसून हसून लोळलं. सगळ्या परिषदेत तेवढंच एक भाषण लोकांनी नीट ऐकलं. चहाच्या वेळी त्या प्राध्यापकांनी सरांची पाठ थोपटली आणि प्रबंधाचा विषय काढला नाही.

प्राचार्य म्हणाले, आता समितीला काय दाखवू, तुमचा प्रामाणिकपणा? पण त्यांनी तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून व्हरांड्यात लावला, आणि समितीनं त्याच्यापुढं उभं राहून कौतुक केलं. खाली लिहिलं होतं, 'वणव्यातील वायूंचे संशोधन'. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात तीन जणांनी त्यांना चुकून डॉक्टर म्हटलं. एकालाही त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय पुढं जाऊ दिलं नाही.

निवृत्तीनंतरही ते बाटल्या धुऊन ठेवायचे. उन्हाळा आला की फोन जवळ घेऊन बसायचे. माळप्पाचा फोन यायचा नाही. एक उन्हाळा गेला, दुसराही गेला. विसरला वाटतं, असं ते मला म्हणाले, आणि मग उगाच पंपाच्या नळीची धूळ पुसत बसले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात चिटगुप्प्याच्या बाजारात मला माळप्पा दिसला. मला बघताच तो कांद्याच्या ढिगामागं वळला. मी गाठून विचारलं, सरांना फोन का केला नाहीस? तो मान खाली घालून उभा राहिला.

"काय तोंड दावू, मास्तर? डोंगराला आगच लागंना झालीया."

सर म्हणाले तसं त्यानं वस्तीला बजावलं होतं. कोणी काडी लावायची नाही, सरांचं काम बिघडतं. आपसूक लागू द्यायची. लोकांनी मानलं. मेंढरांना कोवळं गवत मिळेना, त्यांना लांब लांब चारायला न्यायला लागायचं, तरी मानलं. आणि कोणी काडी लावली नाही, तर डोंगर पेटलाच नाही. सगळी वस्ती आपसूक आगीची वाट बघत होती, आणि ती येत नव्हती म्हणून माळप्पा सरांना तोंड दाखवत नव्हता.

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली. गाडीत पेट्रोल आहे ना, असं विचारलं.

डोंगर ओळखू येत नव्हता. गुडघाभर गवत, त्यात कसलीशी झुडपं वर आलेली. आम्हाला बघून माळप्पा, गंगाक्का आणि वस्तीतली बाकीची माणसं अपराध्यासारखी गोळा झाली. सर वर चढले, वाऱ्याकडं तोंड करून बसले आणि पंप लावला. बुडबुडे येत राहिले. सगळे वाकून बघत होते. सरांनी मसाल्याचे थेंब टाकले, बाटली हलवली आणि उन्हात धरली. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"रंग आला न्हाई, सर," गंगाक्का हळहळली.

"न्हाईच यायचा, अक्का," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि या वेळी धुराचं निमित्तही नव्हतं.

माळप्पानं त्यांना धीर दिला. पुढच्या साली लागेल, म्हणाला, मन लहान करू नका. सरांनी बाटलीला बूच लावलं, पायमोजा चढवला.

"न्हाई लागली तरी येतो की, माळप्पा. दर साली येतो."

माळप्पा त्यांच्याकडं बघतच राहिला.

"मग हे आधी सांगायचं की, सर," तो म्हणाला. "उगं डोंगर कामून जाळला असता आमी?"